वाचा, आवाज आणि तोंड

पालीच्या श्रीबल्लाळेश्वराच्या देवळांत युरोपीय बनावटीची एक मोठी घंटा आहे. चिमाजीअप्पांनीं १७३९ मध्यें वसई घेतली, त्या विजयानंतर ती येथें आली, असें सांगतात. फिरंग्यांच्या देशांत ओतलेली ही घंटा गणपतीपुढें वाजते, आणि तिचा नाद परका आहे असें कोणाही भाविकास वाटत नाहीं. घंटा अशी सहज आपलीशी होते. परभाषेंतली बोलण्याची तऱ्हा मात्र पारखूनच घ्यावी लागते. इंग्रजींत आवाजाविषयीं व बोलण्याविषयीं जे वाक्प्रचार आहेत, त्यांची व मराठीची गांठ कशी पडली आणि त्यांतले कोणते आपल्या घरांत ठेवण्याजोगे आहेत, याचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

या गांठीचा आरंभ एकोणिसाव्या शतकांत झाला. १८३१ मध्यें मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. पुढल्याच वर्षीं, ६ जानेवारी १८३२ रोजीं, बाळशास्त्री जांभेकरांनीं मुंबईंत 'दर्पण' पत्र सुरू केलें. त्यांत एका स्तंभांत इंग्रजी व शेजारच्या स्तंभांत मराठी मजकूर असे. १८४७ मध्यें, मोल्सवर्थांनीं आरंभिलेला व कँडी साहेबांनीं पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश बाहेर पडला. पहिल्या कोशांत साहेब मराठीचें बोलणें ऐकत होता. दुसऱ्यांत मराठीला साहेबाच्या शब्दांस जोड शोधून द्यावी लागली. पुढें शाळेंतलें भाषांतर, सरकारी तर्जुमा आणि वर्तमानपत्र या तीन वाटांनीं इंग्रजी वळण येतच राहिलें. १८७४ मध्यें विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं 'निबंधमाला' काढली, तेव्हां आरंभींच त्यांना मराठी भाषेच्या सांप्रतच्या स्थितीवर लिहावेंसें वाटलें, तें उगाच नव्हे.

तथापि दोन भाषांत सारखेपणा दिसला कीं तेथें उसनवारी झाली, असें समजण्याचें कारण नाहीं. व्यर्थ बोलणाऱ्यास इंग्रज सांगतो कीं, तुझा श्वास लापशी निववण्यासाठीं राखून ठेव. आमची आजी म्हणते, तोंडाची वाफ दवडूं नकोस. गहिंवर आला म्हणजे इंग्रजाच्या घशांत गोळा येतो आणि आमचा कंठ दाटतो. शब्द देणें, शब्द पाळणें, शब्द मोडणें हे प्रकार तर दोघांकडेही आहेत. मनुष्याचा देह सर्वत्र सारखा, आणि दिल्या वचनाची लाजही सर्वत्र सारखीच.

उलट, कांहीं वाक्प्रचार आमच्या दाराशीं येऊन परत गेले. गप्प बसलेल्या मुलास इंग्रज विचारतो, तुझी जीभ मांजरानें नेली काय? आमचें मूल मूग गिळून बसतें. इंग्रजाचा आवाज घोगरा झाला तर त्याच्या घशांत बेडूक असतो. आमचा घसा नुसता बसतो. ज्याची गोष्ट चालली आहे तोच दारांत उभा राहिला, तर इंग्रजाला सैतानाची आठवण होते. आम्ही त्यास शंभर वर्षांचें आयुष्य देऊन मोकळे होतों. येथें शब्दास शब्द ठेवून भाषांतर केलें असतें, तर आलेला पाहुणा आल्या पावलीं परतला असता!

घेऊं नयेत असेही कांहीं आहेत. हल्लीं अमक्यानें 'मौन तोडलें' असें सर्रास वाचावयास मिळतें. मौन हें आमच्याकडे व्रत आहे. व्रत सोडतात तें पुरें झालें म्हणून. मोडतात तें मन ढळलें म्हणून. 'तोडलें' म्हटल्यानें हा भेद पुसला जातो आणि मौन म्हणजे केवळ एखादा अडसर होऊन बसतें. आपल्या घरांत नीट चालणारी वस्तु असतां तिच्या जागीं बाहेरची आणणें ही श्रीमंती नव्हे.

मग 'आवाज उठवणें' याचें काय करावें? हा प्रयोग इंग्रजी राजकारणाच्या छायेंत वाढला, आणि त्यांतला 'आवाज' तर फारसी. परंतु कुळ पाहूं गेल्यास लॅटिन 'वॉक्स'पासून आलेला इंग्रजी 'व्हॉइस', फारसी 'आवाज' आणि आमची 'वाचा' हीं एकाच प्राचीन धातूचीं लेंकरें आहेत. इंग्रजींत पूर्वीं मतासही 'व्हॉइस' म्हणत. शेक्सपियरच्या 'कोरिओलेनस' नाटकांत रोमन लोक आपली मतें याच शब्दानें देतात. आमचें 'मत' मनांतून निघालें, त्यांचें कंठांतून. विधिमंडळाच्या 'आवाजी मतदानां'त दोघांची भेट झाली.

जुन्या मराठींत प्रजा गाऱ्हाणें घाली, दाद मागे. पाली १९४८ पर्यंत भोर संस्थानांत होती. तेथील रयतेनें दाद मागावयाची ती पंतसचिवांच्या दरबारीं. हे शब्द सुंदर आहेत, पण त्यांत हात जोडलेले आहेत. 'वाचा फोडणें' हा आमचाच प्रयोग. त्यांत दाबून ठेवलेलें दुःख बाहेर येतें. मात्र आपण बरोबरीचे आहोंत असें समजून चारचौघांत अन्यायाविरुद्ध बोलणें या कृतीस नांव हवें होतें. कृति नवी, म्हणून शब्दही नवा लागला.

त्या कृतीची साक्ष याच जिल्ह्यांत आहे. डॉक्टर आंबेडकरांनीं ३१ जानेवारी १९२० रोजीं पत्र काढलें, त्याचें नांव 'मूकनायक'. त्याच्या शिरोभागीं त्यांनीं तुकोबांचा अभंग ठेवला. 'तोंड वाजवणें' ही मराठींत एरवीं निंदा; तुकोबांनीं ती भीड टाकून स्वतःच्या अंगावर घेतली होती. पुढें २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्यावर, ज्यांस मुके ठरवलें होतें त्यांनीं ओंजळभर पाणी घेतलें. पाणी तर सार्वजनिक होतेंच. सार्वजनिक बोलण्याचा हक्कही त्या दिवशीं त्यांनीं घेतला.

म्हणून आमच्या मतें पारख एकच असावी. जो वाक्प्रचार आमच्या तोंडचा नेमका शब्द हिरावून घेतो, तो कितीही डौलदार असो, दाराबाहेर ठेवावा. जो आजवर मुक्या राहिलेल्या मनुष्यास बोलावयाची सोय करून देतो, त्याचें कुळ विचारूं नये.