लेझीम, ताशा आणि आपण

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येला, राजगड आणि तोरणा यांच्या सावलीत वेल्हे आणि भोर हे दोन मावळी तालुके आहेत. भाताची लावणी उरकली की येथील गावोगावी ढोल बाहेर निघतात. ढोलाच्या दोऱ्या ताणल्या जातात, ताशा शेकला जातो आणि रात्री जेवणे झाली की मैदानात सराव सुरू होतो. वर्गणीतून घेतलेली वाद्ये, नोकरीधंद्याला पुण्या-मुंबईस गेलेली आणि गणपतीला, जत्रेला गावी परतणारी पोरे, आणि मानाचा नारळ हीच बिदागी. असे हे हौशी ढोल-लेझीम पथक. त्याचा इतिहास कोणत्या बखरीत सापडत नाही. तो वाद्यांच्या नावांत दडलेला आहे.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. त्यामुळे ही नावे आमच्या कानाला वेगळी लागतात. लेझीम हा मूळ फारसी शब्द. दोरीऐवजी लोखंडी साखळी लावलेले, व्यायामासाठी वापरायचे धनुष्य म्हणजे लेज़म. तिरंदाजाचे दंड घट्ट व्हावेत म्हणून ते खेचायचे. मावळात त्याच्या साखळीला चकत्या लागल्या, ताल आला आणि व्यायामाचे नृत्य झाले. ताशाचे मूळ फारसी 'तास', म्हणजे वाटीसारखे भांडे. तांब्या-पितळेच्या भांड्यावर बकऱ्याचे कातडे मढवले की ताशा झाला. नगारा अरबी 'नक्र'वरून, म्हणजे ठोकणे यावरून आला. शाहिरांचा डफही अरबीच. ज्या तालमीत पोरे लेझीम शिकत, तो 'तालीम' शब्द उर्दूत आजही शिक्षण या अर्थाने चालतो.

याचा अर्थ ही वाद्ये 'आमची' आहेत असा दावा आम्हाला करायचा नाही. शब्द बाहेरून आला, पण वाजवणारा हात मावळातलाच. पथकात ढोलाच्या एका अंगाला हाताची थाप पडते, दुसऱ्या अंगाला टिपरू. ताशेवाला लय धरतो, चाल बदलायची तर तोच इशारा देतो, आणि झांजा व लेझीम त्याच्या मागे जातात. फारसी नावाचा ताशा आणि देवळातल्या आरतीची झांज येथे एका लयीत येतात. कोण कोणाचे, हे तेव्हा वेगळे काढता येत नाही.

भोर हे पंतसचिवांचे संस्थान. 1948 साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले. या 'सचिव' पदाला आधी 'सुरनीस' हे फारसी नाव होते. 1674 च्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांना संस्कृत नावे मिळाली आणि सुरनिसाचा सचिव झाला. दरबारातला शब्द बदलला, पण गावच्या मैदानातली लेझीम लेझीमच राहिली. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णयही राज्य मंत्रिमंडळाने 2024 साली घेतला. नावे वरून बदलतात. ताल मात्र हातातून हातात जातो.

मग दुरावा कधी आला? एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या मोहरममध्ये हिंदू मोठ्या संख्येने सामील होत. ताबुतांपुढे वाजवणाऱ्यांत आणि नवस बोलणाऱ्यांतही ते असत. 1893 साली मुंबईत दंगल झाली. 1894 साली पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाने जोर धरला, आणि हिंदूंनी मोहरमपासून दूर राहावे असा प्रचारही त्याच वेळी झाला. नव्या उत्सवाच्या मिरवणुकीवर आणि मेळ्यांवर मोहरमची छाप होती, हे इतिहासकारांनी नोंदवले आहे. म्हणजे ताशा तोच राहिला, रस्ता वेगळा झाला. पुढे मशिदीवरून वाजत जाणारी मिरवणूक हा भांडणाचा विषय बनला.

हाच ताशा समुद्रापारही गेला. 1845 पासून करारावर त्रिनिदादला नेलेल्या हिंदी मजुरांनी तो तेथे नेला. तेथे त्याला 'तासा' म्हणतात. 1884 साली सरकारी बंदी झुगारून निघालेल्या तेथील मोहरमच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. तिच्यात हिंदू आणि मुसलमान मजूर बरोबरच चालत होते.

मावळी पथके पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत सुपारी घेऊन येऊ लागली. पुढे शहरातल्या शाळांनी पथके उभारली. आज ढोल-ताशा ही पुण्याची ओळखच झाली आहे. 2024 साली राष्ट्रीय हरित लवादाने एका पथकात तीसच वादक असावेत असे बंधन घातले, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्या बंधनाला स्थगिती मिळाली. एवढ्या चर्चेत ताशा हा शब्द कोठून आला, हे मात्र कोणी विचारले नाही.

आपणही विचारत नाही. मोहरममध्ये ताशे वाजवणे दीनमध्ये बसत नाही, असे अनेक उलेमांचे मत आहे. त्या मताचा आदर आहे. आमचा प्रश्न वाजवावे की नाही हा नाही, आठवणीचा आहे. ताशाचा आवाज आला की आपले मूल घाबरून खिडकी लावते, आणि शेजारचे मूल समजते की या आवाजाशी आपल्या मोहल्ल्याचा काही संबंध नाही. दोघेही आपल्याच इतिहासाला परके झाले आहेत. नुसता उपदेश करून ही भीती जाणार नाही. त्या आवाजाचे मूळ कळले तर कदाचित कमी होईल.

म्हणून वाचकांना एकच विनंती. आपल्या गावात ताशा कोण वाजवीत असे, ढोल कोण मढवीत असे, लेझीम कोणत्या तालमीत शिकवली जाई, ताबूत निघत तेव्हा पुढे कोण चालत असे, हे घरातल्या बुजुर्गांना विचारा आणि वहीत उतरवून ठेवा. त्या यादीत मुलाणी, तांबोळी, शिकलगार यांच्या शेजारी मराठा, मांग, गुरव यांची नावे निघाली, तर तीही तशीच लिहा. ही वही मग आपल्या मुलांना वाचायला द्या, आणि शेजाऱ्यांच्या मुलांनाही.