चित्रांवरचा आकडा

महावितरणच्या तारेवर आकडा टाकून घरात दिवा लावणं म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वेबवर चित्रांच्या बाबतीत हेच चालतं, त्याला हॉटलिंकिंग म्हणतात. तुमच्या सर्व्हरवरचं चित्र मी कॉपी करून माझ्याकडे ठेवत नाही, माझ्या पानात त्याचा फक्त पत्ता लिहितो. वाचक येतो माझ्याकडे, चित्र दर वेळी जातं तुमच्याकडून, आणि बिलही येतं तुम्हालाच. १०० केबीचं चित्र १०,००० वेळा उघडलं की जवळजवळ १ जीबी झाला. आज हे ऐकून हसू येईल, पण याहूच्या जिओसिटीजवर (ती अमेरिकेत २००९ मध्ये बंद झाली) फुकट पानाला तासाचा डेटा ठरवून दिलेला असे. तो संपला की पान गायब! म्हणजे दुसऱ्याच कुणीतरी आकडा टाकायचा आणि अंधार तुमच्या घरात.

गंमत म्हणजे हे भोक मुळातच ठेवलेलं आहे. फेब्रुवारी १९९३ मध्ये मार्क अँड्रीसनने पानात चित्र दाखवण्यासाठी आयएमजी टॅग सुचवला. त्यात चित्राचा पत्ता द्यायचा, बस्स. तो पत्ता कुठल्या सर्व्हरचा असावा यावर काही बंधन नाही. वेबचं सगळं मोठेपण याच मोकळेपणात आहे, आणि भांडणंही त्यातूनच निघाली. १९९६ मध्ये प्रिन्स्टनच्या डॅन वॉलॅक नावाच्या विद्यार्थ्याने डिलबर्टची कार्टून्स स्वतःच्या पानावर आपल्या पसंतीच्या मांडणीत दाखवली. चित्रं येत होती थेट युनायटेड मीडियाच्या सर्व्हरवरून. त्याने एकही चित्र कॉपी केलेलं नव्हतं. वकिलांची पत्रं आली, पान उतरलं. कोर्टात काही गेलं नाही, त्यामुळे प्रश्न तसाच लोंबकळत राहिला.

आपल्याकडे त्या काळात वेगळंच नाटक चालू होतं, आणि त्याचा एक धागा पुण्यात आहे. तेव्हाच्या कॉम्प्युटरला देवनागरी येतच नव्हती. मग मराठी पान दाखवायचं कसं? एक उपाय म्हणजे मजकूर टाईप करून त्याचं जिफ चित्र बनवायचं आणि ते पानावर चिकटवायचं. म्हणजे हॉटलिंक करणाऱ्याच्या हाती नुसतं चित्र नाही, अख्खा लेखच! दुसरा उपाय फॉन्टचा. पुण्यातल्या सी-डॅकचे (स्थापना १९८८) डीव्ही-टीटी योगेश, सुरेख वगैरे फॉन्ट अनेकांना आठवत असतील. पण तो फॉन्ट वाचकाच्या मशीनवर हवा, नाहीतर पानभर नुसती किडामुंगी.

म्हणून डायनॅमिक फॉन्ट आले. पानाबरोबर फॉन्टही सर्व्हरवरूनच पाठवायचा. इंटरनेट एक्स्प्लोररसाठी ईओटी, नेटस्केपसाठी पीएफआर. आता फॉन्ट ही शेवटी एक फाईलच, मग तिच्यावरही आकडा टाकता येणार. शिवाय फॉन्टला लायसन्स असतं, त्यामुळे इथे मालक आधीपासूनच सावध होते. ईओटी बनवतानाच त्यात पत्त्यांची यादी घालता यायची: या साईट्सवर असशील तरच अक्षरं दाखव. म्हणजे चित्रांना जे कुलूप पुढे सर्व्हरवर लावावं लागलं, ते अक्षरांच्या पोटातच होतं. पण यादीत फक्त 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'वाला पत्ता असेल आणि वाचकाने तेवढं न टाकता साईट उघडली, तर त्या बिचाऱ्यालाही किडामुंगीच. कुलूप चोरासाठी आणि बाहेर उभा घरचाच माणूस!

यातून सुटका युनिकोडने केली. विंडोज २००० आणि एक्सपीमध्ये मंगल फॉन्ट आला, अक्षरं वाचकाच्या मशीनवरच राहायला लागली आणि सर्व्हरवरून फक्त मजकूर येऊ लागला. युनिकोडचे फायदे म्हणून आपण टायपिंग आणि सर्च सांगतो. मला हा फायदाही तेवढाच मोठा वाटतो. मराठी वाचण्यासाठी चित्र किंवा फॉन्ट पाठवायचा खर्चच उरला नाही.

चित्रांचा प्रश्न मात्र राहिला. त्यावरचा रूढ उपाय म्हणजे रेफरर. चित्र मागताना ब्राऊझर सांगतो की मी अमुक पानावरून आलो. (मे १९९६ च्या आरएफसी १९४५ मध्ये या शब्दातला एक 'आर' गळलेला आहे, आणि ते चुकीचं स्पेलिंग आजही रिक्वेस्ट्सबरोबर जगभर फिरतंय.) अपाचेमध्ये मॉड-रीराइटच्या दोन-तीन ओळी लिहायच्या: रेफरर आपल्या साईटचा नसेल तर ४०३, किंवा सरळ दुसरंच चित्र. दुसरा मार्ग लोकांना जास्त आवडला, कारण त्यात सूड आहे. मार्च २००७ मध्ये अमेरिकेचे सिनेटर जॉन मॅक्केन यांच्या मायस्पेस पानावर माईक डेव्हिडसन या डिझायनरचं टेम्प्लेट, त्याला श्रेय न देता, वापरलं गेलं. वर एक चित्रही त्याच्याच सर्व्हरवरून येत होतं. त्याने आपल्याकडचं चित्र बदललं आणि मॅक्केन यांच्या पानावर त्यांनी समलिंगी विवाहाला पाठिंबा दिल्याची घोषणा झळकली!

पण हे कुलूप तकलादू आहे. रेफरर कोरा येऊ शकतो, खोटाही पाठवता येतो. कोरा असेल तर अडवायचं, असं ठरवलं तर ज्यांचा ब्राऊझर किंवा ऑफिसचा प्रॉक्सी तो काढून टाकतो असे साधे वाचक अडकतात. पुन्हा ईओटीचीच गोष्ट.

कायदा? विजेचं उदाहरण बघा. १९६४ मध्ये अवतार सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की वीजचोरी ही दंडविधानातली चोरी आपोआप ठरत नाही. ती चोरी ठरते १९१० च्या वीज कायद्याच्या कलम ३९ मुळे. आज २००३ च्या कायद्यात कलम १३५ आहे. बँडविड्थच्या आकड्यासाठी असं स्वतंत्र कलम नाही. २००० च्या आयटी कायद्यातल्या कलम ४३ मध्ये दुसऱ्याच्या खात्यावर खर्च टाकण्याचा उल्लेख आहे, पण कॉम्प्युटरशी छेडछाड करून. हॉटलिंक करणारा छेडछाड कुठे करतो? सर्व्हरकडे मागतो, सर्व्हर देतो. अमेरिकेतही २००७ मध्ये परफेक्ट १० विरुद्ध अ‍ॅमेझॉन खटल्यात नाइन्थ सर्किटने म्हटलं की चित्र ज्याच्या सर्व्हरवर, ते दाखवतो तो. नुसता पत्ता देणारा नाही.

डेटा स्वस्त झाल्यावर हे सगळं संपलं असं वाटत होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकिमीडियाच्या इंजिनियर्सच्या लक्षात आलं की अ‍ॅस्टरच्या फुलाचा एक साधा फोटो दिवसाला सुमारे ९ कोटी वेळा मागितला जातोय. त्यांच्या सिंगापूरच्या डेटासेंटरमधल्या मीडिया रिक्वेस्ट्सपैकी तब्बल २० टक्के. सगळ्या मागण्या भारतातल्या वेगवेगळ्या आयएसपींकडून. विकिमीडिया कॉमन्स हॉटलिंकिंगला परवानगी देतं, पण ते चालतं देणग्यांवर. जुने लॉग काढल्यावर दिसलं की ही वाढ जून २०२० पासूनची, त्याच महिन्याच्या २९ तारखेला टिकटॉकवर बंदी आली तेव्हाची. कुठलंतरी भारतीय मोबाईल अ‍ॅप असणार असा अंदाज निघाला आणि शोधल्यावर तो खराही ठरला. अ‍ॅपचं नाव त्यांनी जाहीर केलं नाही. फाईलच्या नावातच '१एमबी' आहे, त्यामुळे माझा तर्क असा की कुणीतरी टेस्टिंगसाठी तो पत्ता कोडमध्ये टाकला आणि तो तसाच रिलीजमध्ये गेला. अ‍ॅप दर वेळी ते फूल उतरवून घेत होतं, पण वापरणाऱ्याला ते स्क्रीनवर कधी दिसलंच नाही.