हुकूम मोडून तह करणारा ट्रिस्ट

आज आपण बोलतोय निकोलस ट्रिस्टबद्दल. थॉमस जेफरसनचा नातजावई, त्याच्याच हाताखाली कायदा शिकलेला, आणि १८४७ साली अमेरिकी परराष्ट्र खात्याचा मुख्य कारकून. कारकून म्हटलं की आपल्याला फायलींचा गठ्ठा दिसतो, पण तेव्हा खात्यात मंत्र्याच्या खालोखाल हीच जागा होती.

मेक्सिकोशी युद्ध चालू होतं. एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष पोल्कने त्याला तहाची बोलणी करायला पाठवलं. तिथे गेल्या गेल्या त्याचं जनरल स्कॉटशी वाजलं. दोघांनी एकमेकांना काय एकेक खोचक पत्रं लिहिलीयत! मग ट्रिस्ट आजारी पडला, स्कॉटने पेरूचा मुरंबा पाठवला आणि गट्टी जमली.

सप्टेंबरमध्ये मेक्सिको सिटी पडली. आता आणखी जमीन मागता येईल, असं पोल्कला वाटू लागलं. १६ नोव्हेंबरला ट्रिस्टच्या हातात पत्र पडलं: परत या.

खरी गोची इथे आहे. मेक्सिकोत तेव्हा तहाला तयार असलेलं सरकार होतं, पण अगदीच डळमळीत. ट्रिस्ट निघाला असता तर ते कोसळलं असतं, आणि वॉशिंग्टनमध्ये तर अख्खा मेक्सिकोच घ्या म्हणणारेही होते. ट्रिस्ट थांबला. ६ डिसेंबरला त्याने कारणं देणारं ६५ पानी पत्र धाडलं. आमच्या भाषेत सांगायचं तर ॲक्सेस काढून घेतल्यावर थेट प्रॉडक्शनवर रिलीज!

२ फेब्रुवारी १८४८ला ग्वादालुपे इदाल्गो इथे तह झाला. दीड कोटी डॉलर देऊन अमेरिकेने कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको घेतलं. कॅलिफोर्नियात नऊच दिवसांपूर्वी सोनं सापडलं होतं, सह्या करणाऱ्यांना पत्ताच नाही. म्हणून त्याला शांतिदूत वगैरे म्हणणं मला जड जातं. त्याला स्वतःलाही या व्यवहाराची लाज वाटत होती, असं त्याच्या बायकोने नंतर लिहिलंय.

पोल्क भडकला, पण करतो काय? त्याने आधी मागितलेलं बहुतेक सगळं त्या कागदावर होतं. सिनेटने ३८ विरुद्ध १४ मतांनी तह मंजूर केला. ट्रिस्टची मात्र नोकरी गेली, आणि परत बोलावल्यानंतरच्या काळाचा पगारही अडवला. पुढे तो रेल्वे कंपनीत पगार वाटायच्या खात्यात लागला. त्याचा स्वतःचा थकलेला पगार काँग्रेसने १८७१ मध्ये दिला. तीन वर्षांनी तो वारला.