‘सर्फ’ आणि मद्रासचा किनारा

‘सर्फ’ म्हटलं की आपल्याला आधी कपड्यांची पावडर आठवते, नाहीतर फळीवर उभं राहून लाटांवरून घसरणारे खेळाडू. पण या इंग्रजी शब्दामागे खेळ नव्हता, धास्ती होती.

इंग्रज खलाशांकडे लाटांसाठी बरेच शब्द होते. दूरच्या वादळात उठून न फुटता लांबवर पसरत येणारी लाट म्हणजे ‘स्वेल’. तीच उथळ पाण्यात शिरली की मंदावते, उंच होते आणि तिचा माथा पुढे कोसळतो. ती झाली ‘ब्रेकर’. आणि किनाऱ्यालगत अशा लाटा एकामागून एक फुटत राहतात, तो सगळा फेसाळ पट्टा म्हणजे ‘सर्फ’. हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकात दिसू लागतो. त्याची व्युत्पत्ती वादाची आहे. मात्र सुरुवातीचे उल्लेख भारताच्या किनाऱ्याविषयीचे आहेत, हे कोशकारांनी नोंदवलं आहे.

भारताचाच किनारा का? मद्रासकडे पाहू. 1639 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला तिथे जागा मिळाली, पण बंदर नव्हतं. मुंबईसारखा आडोसा नाही. सरळ, उघडी वाळू. जहाजं दूर खोल पाण्यात नांगर टाकत आणि माणसं, माल किनाऱ्याला येई ‘मसुला’ होड्यांतून. या होड्यांना खिळे नसत, फळ्या काथ्याने शिवलेल्या असत. त्यामुळे लाटेचा किंवा वाळूचा दणका बसला, तरी होडी लवायची, सहजी फुटायची नाही. कुणी पाण्यात पडलंच तर उचलायला सोबत ओंडक्यांचे तराफे असत. त्यांना तमिळमध्ये ‘कट्टुमरम्’ म्हणतात, म्हणजे बांधलेलं लाकूड. इंग्रजीतला ‘कॅटमरान’ तिथलाच.

कृत्रिम बंदराचं काम सुरू झालं 1870 च्या दशकात. 1881 च्या चक्रीवादळाने ते मोडलं, पुन्हा उभारावं लागलं. म्हणजे दोनशेहून अधिक वर्षं मद्रासला उतरणाऱ्या साहेबाचा जीव स्थानिक नावाड्यांच्या हातात होता. कोणती लाट जाऊ द्यायची आणि कोणत्या लाटेच्या पाठीवर वल्हं मारायचं, हे त्यांनाच कळायचं.

प्रवाशांनी आपल्या लिखाणात त्या ‘सर्फ’ची वर्णनं भरभरून केली. ज्यांनी त्यांना त्यातून सुखरूप वाळूवर आणलं, त्यांची नावं मात्र तिथे क्वचितच सापडतात.