अर्जातील एक रकाना

आपल्या देशातील चित्रपटकलेचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टी बहुधा पडद्यावर खिळलेली असते. कोणता बोलपट कोणी काढला, त्यात कोण चमकले, तो किती आठवडे चालला, एवढी मोजदाद झाली की इतिहास पुरा झाला असे ते समजतात. आम्ही पडलो सरकारी कारकून. परप्रांतात बदलीवर राहून दिवसभर अर्ज उघडणे, त्यांवर शेरे मारणे आणि ते वरच्या टेबलाकडे रवाना करणे हा आमचा व्यवसाय. आणि या मासिकाचे बहुतेक वाचकही आमच्याच गोतावळ्यातले आहेत. तेव्हा या कलेच्या इतिहासाकडे आम्ही अर्जाच्या बाजूने पाहिले, तर तो व्यवसायदोष समजून वाचकांनी क्षमा करावी. कॅमेरा हाती घेऊ पाहणाऱ्या नवख्या माणसास पैसा कोणी दिला, विद्या कोणी दिली, आणि देण्यापूर्वी त्याच्याकडे काय मागितले, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेतला आहे.

आरंभी अर्ज करावयास कचेरीच नव्हती. दादासाहेब फाळके १९१२ साली विलायतेस गेले ते आपल्या विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून. परत आल्यावर भांडवलवाल्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी वाटाण्याच्या दाण्यास मोड फुटून वेल कसा वाढतो याची इवलीशी फिल्म घेऊन दाखविली. सरस्वतीबाईंचे दागिनेही या उद्योगात गहाण पडले, तेव्हा १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. कोल्हापुरास बाबूराव पेंटरांची कथा याहून वेगळी नाही. कॅमेरा त्यांनी स्वतःच्या हातांनी घडविला आणि 'महाराष्ट्र फिल्म कंपनी'स पैसा मिळाला तो तानीबाई कागलकर या गायिकेकडून. गाऊन मिळविलेले द्रव्य एका बाईने चित्रे हलविण्याच्या वेडास लावावे, ही गोष्ट आमच्या इतिहासकारांनी दोन ओळींत उरकली आहे. वास्तविक या देशात होतकरू चित्रपटकारास मिळालेल्या पहिल्या अनुदानांत तिची गणना व्हावयास हवी. पुढे प्रभात कंपनी काढणारे दामले, फत्तेलाल, शांताराम याच पेंटरांच्या हाताखाली तयार झाले. म्हणजे त्या काळी शाळा आणि पेढी एकाच अंगणात होत्या. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे या दोहोंची ताटातूट झाली.

ती ताटातूट मोठ्या सदिच्छेने झाली. स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली, केंद्र सरकारने मुंबईचे स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली एक चौकशी समिती नेमली. शांताराम तिचे एक सभासद होते. १९५१ च्या अहवालात समितीने दोन गोष्टी सुचविल्या: चित्रपटांस कर्ज देणारे महामंडळ आणि चित्रपटविद्या शिकविणारी संस्था. दोन्ही प्रत्यक्षात उतरल्या त्या १९६० साली. नऊ वर्षे हा काळ सामान्य वाचकास दीर्घ वाटेल. ज्याने नस्ती वागविली आहे त्यास वाटणार नाही. महामंडळाचे ठाणे मुंबईत, संस्थेचे पुण्यात, तेही प्रभातच्याच बंद पडलेल्या स्टुडिओत. आणि १९६१ पासून तेथे वर्ग भरू लागले.

मधल्या नऊ वर्षांत नवख्यांनी काय करावे? कलकत्त्याच्या सत्यजित राय यांनी तेच केले जे चाळीस वर्षांपूर्वी फाळक्यांनी केले होते. विम्याची पॉलिसी अडकविली, पत्नीचे दागिने गहाण टाकले, आणि तरीही 'पथेर पांचाली' अर्ध्यावर थांबला. अखेर पश्चिम बंगाल सरकारने पैसा दिला. तो सरकारी दप्तरात रस्तेदुरुस्तीच्या सदराखाली दाखविला गेला असे सांगतात. चित्रपटास अनुदान देण्याचे सदरच नव्हते, आणि नावात तर 'पथ' होता! ज्या कोणा कारकुनास ही युक्ती सुचली असेल त्याचे नाव इतिहासास ठाऊक नाही, हा आमच्या धंद्याचा नित्याचाच अनुभव आहे.

महामंडळाने पहिल्या काही वर्षांत बहुधा नाव झालेल्या निर्मात्यांसच कर्जे दिली. त्यात दोष काढण्यासारखे फार नाही. कर्ज म्हटले की परतफेड आली, परतफेड म्हटली की तारण आले, आणि तारण ज्याच्यापाशी असते त्यास होतकरू कोण म्हणेल? पुण्याच्या संस्थेतून शिकून निघालेले तरुण मात्र हातात प्रमाणपत्र घेऊन उभे राहिले. प्रमाणपत्र हे तारण नव्हे. १९६० चे दशक संपता संपता, बी. के. करंजिया यांच्या कारकिर्दीत, महामंडळाने धोरण बदलले आणि थोड्या खर्चाच्या चित्रपटांस हात दिला. दीड लाखाच्या आसपास कर्जावर मृणाल सेन यांनी १९६९ साली 'भुवन शोम' काढला. त्याचे छायालेखन पुण्यातच शिकलेल्या के. के. महाजन यांचे होते. एक कडक रेल्वे अधिकारी पक्ष्यांच्या शिकारीसाठी सौराष्ट्रात जातो आणि एका खेडवळ मुलीपुढे त्याचा ताठा हळूहळू विरघळतो, एवढेच कथानक. पण बदलीवरच्या प्रत्येक अधिकाऱ्याने तो एकदा पाहावा, अशी आमची नम्र शिफारस आहे. मणी कौल, कुमार शहानी हे पुण्याचे विद्यार्थीही याच दाराने आत आले. म्हणजे शाळा आणि पेढी यांची काही वर्षे पुन्हा गाठ पडली. परंतु १९७६ साली संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीने चालण्यासारखे नसलेल्या चित्रपटांत पैसा गुंतविल्याबद्दल महामंडळावर ताशेरे ओढले. करंजिया त्याच वर्षी पायउतार झाले, आणि १९८० साली ते महामंडळ राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. हिशेबाच्या दृष्टीने समितीचे म्हणणे चुकीचे नव्हते. प्रश्न इतकाच की हिशेब कर्जाच्या वहीत मांडावयाचा होता की शिक्षणाच्या.

येथवर जी मंडळी आली ती सारी शिकलेली, शहरी, आणि एखाददुसरा अपवाद वगळता पुरुष. संस्थेत प्रवेश घ्यावा तर बहुतेक अभ्यासक्रमांस ठराविक शिक्षण हवे, परीक्षा हवी, परगावी राहण्याची ऐपत हवी. ज्यांच्यापाशी यांपैकी काहीच नाही त्यांचा विचार कोणाच्या मनात आला नाही याचे एक कारण यंत्रातच होते. कच्ची फिल्म महाग. एकदा वापरली की संपली. ती धुऊन येईपर्यंत काय टिपले तेही कळावयाचे नाही. अशा सामग्रीवर निरक्षर माणसास शिकविणे म्हणजे पैशाची राख, असे कोणीही म्हटले असते. १९६७ च्या सुमारास खांद्यावरून नेता येणारी व्हिडिओची यंत्रे परदेशी बाजारात आली आणि हा युक्तिवाद लंगडा पडला. चुंबकी फीत लागलीच मागे फिरवून पाहता येते, पुसून पुन्हा वापरता येते. चुकण्याची किंमत उतरली. आणि शिकाऊ माणसास याहून मोठे अनुदान दुसरे नाही.

तरीही आपल्याकडे पहिला मोठा प्रयोग झाला तो पाहणाऱ्यांसाठी, करणाऱ्यांसाठी नव्हे. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर एका अमेरिकी उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी दाखविण्यात आली. खेडूत पडद्यासमोर बसला. पडद्यामागे जाण्याचे त्यास आमंत्रण नव्हते. गुजरातेत खेडा जिल्ह्यातील प्रयोगात गावकरी कार्यक्रमांत बोलू लागले, हे त्यापुढचे पाऊल होय.

खरी उडी १९८४ साली अहमदाबादेस पडली. भाजी विकणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या बायांची 'सेवा' ही संघटना इला भट्ट यांनी १९७२ मध्ये स्थापिली होती. न्यू यॉर्कच्या मार्था स्टुअर्ट या बाईंनी येथे येऊन संघटनेतील वीस जणींस तीन आठवडे व्हिडिओचे शिक्षण दिले. त्यांतील कित्येकींस अक्षरओळख नव्हती. कोणी प्रमाणपत्र मागितले नाही. मागितले असते तर वर्गच भरला नसता. माणेक चौकात भाजी विकणाऱ्या लीलाबेन यांनी त्याच चौकावर, आपल्याच सोबतिणींवर फीत केली. टोपली मांडून बसण्याच्या हक्कासाठी त्या बाजारातल्या बायांचे नगरपालिकेशी भांडण चालू होते आणि ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. बाहेरच्या छायालेखकाने तेथे गर्दी टिपली असती. लीलाबेनना त्या गर्दीतील प्रत्येक चेहरा ठाऊक होता.

मार्था स्टुअर्ट १९८५ साली वारल्या. अशा वेळी बहुतेक योजनांचे जे होते ते सर्वांना माहीत आहे: यंत्रे कपाटात, कपाटाची किल्ली कोणाकडे याची चौकशी चालू. येथे तसे झाले नाही, आणि त्याचे कारण आम्हांस मोठे उद्बोधक वाटते. शिकलेल्या बायांना काम शोधत बाहेर जावे लागले नाही. काम देणारी त्यांचीच संघटना होती. सभासदांस बचत समजवावयाची आहे, एका गावचा अनुभव दुसऱ्या गावास दाखवावयाचा आहे, गाऱ्हाणे अधिकाऱ्याच्या डोळ्यांपुढे मांडावयाचे आहे, अशी गरज रोजची होती. पेंटरांच्या अंगणात शाळा आणि पेढी एकत्र होत्या असे आम्ही वर म्हटले. तशा त्या येथे पुन्हा एकत्र आल्या, आणि यावेळी अंगण बायांचे होते.

दुसरे उदाहरण आमच्या मराठवाड्याच्या शेजारचे आहे. हैदराबादहून मुंबईकडे येणाऱ्या रस्त्यावर, बिदरच्या अलीकडे, जहीराबाद लागते. मराठवाडा ज्या निजामी राज्यात होता त्याच राज्याचा हा भाग. भाषा तेलुगू, पण पाटील-पटेलांचा दरारा आणि मजुराचे दैन्य यांस दुभाषा लागत नाही. त्या परिसरातील पस्तापूर येथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी नावाची संस्था १९८० च्या दशकापासून शेतमजूर बायांचे 'संघम' चालविते. तिच्या संस्थापकांपैकी पी. व्ही. सतीश हे दूरदर्शनमध्ये निर्माते होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस या संघमांतील बायांस, बहुतेक दलित आणि अत्यल्प जमिनीच्या, कॅमेरा शिकविण्यात आला. २००१ साली त्यांचा स्वतःचा माध्यम-न्यास उभा राहिला.

या बायांनी कॅमेऱ्याचे व्याकरण आपल्या भाषेत बसविले. कॅमेरा खाली ठेवून वर पाहणारे चित्र घेतले की त्यास त्या 'पटेल शॉट' म्हणतात, कारण पटेलाकडे मजूर तसाच पाहत आला. वरून खाली पाहणारे चित्र म्हणजे पटेल मजुराकडे पाहतो तसे. आणि डोळ्यास डोळा भिडेल अशा उंचीवरून घेतलेले चित्र तो 'संघम शॉट', कारण संघमात सगळ्या एकाच जमिनीवर बसतात. चित्रपटशास्त्राची जाड पुस्तके आम्ही थोडीफार चाळली आहेत. हे तीन शब्द त्यांत कोठे आढळले नाहीत. वरंगळच्या शेतकऱ्यांनी २००२ साली बीटी कापूस लावला तेव्हा याच बाया त्याच शेतकऱ्यांकडे महिन्यामागून महिना जात राहिल्या, पिकाबरोबर त्यांचे बोलणे कसे बदलत गेले ते टिपत राहिल्या. २००३ साली पूर्ण झालेला तो चित्रपट परदेशांतही दाखविला गेला. हंगामभर एका शेतात परत परत जाणे पाहुण्या चित्रपथकास परवडत नाही. शेतात राहणाऱ्यास त्याचा प्रवासभत्ता लागत नाही.

याखेरीज २००० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक प्रसारण न्यासाने स्वतंत्र माहितीपटकारांस दूरदर्शनच्या सहकार्याने पैसा दिला. २०२१ पासून गोव्याच्या चित्रपट महोत्सवात पस्तिशीच्या आतील तरुणांची निवड होऊ लागली. उपक्रम चांगले आहेत, पण तेथवर पोहोचणारा बहुधा अर्ज भरावयास आधीच शिकलेला असतो.

हे आम्ही कोणत्या अधिकाराने म्हणतो, ते सांगावयास हवे. काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या कचेरीत होतो तेथे तरुणांच्या अल्पमुदतीच्या व्हिडिओ-प्रशिक्षणाचे अर्ज आमच्या टेबलावर येत. त्यात एका मुलीचा अर्ज होता. बारावीचे प्रमाणपत्र जोडावयाचे तेथे तिने एक पेन-ड्राइव्ह चिकटपट्टीने लावला होता. प्रमाणपत्र नाही, सबब अर्ज अपूर्ण, असा शेरा आम्ही आमच्या हाताने लिहिला व पेन-ड्राइव्हसह अर्ज परत केला. नियमाप्रमाणे दुसरे काही करता येत नव्हते. मात्र परत करण्यापूर्वी आम्ही तो उघडून पाहिला होता. मोबाइलवर घेतलेली सात मिनिटांची फीत होती. एक बाई विड्या वळत बसली होती आणि मोबाइल तिच्यासमोर जमिनीवर, सुपाला टेकवून ठेवलेला असावा. बाईचे हात अखेरपर्यंत थांबले नाहीत, मधूनच ती वर पाहून मुलीवर खेकसत होती, "अभ्यास कर की!" पुढच्या वर्षी आम्ही त्या मुलीचे नाव यादीत शोधले. ते नव्हते.

त्यानंतर आम्ही एक टिप्पणी वर पाठविली. अर्जात 'शैक्षणिक पात्रता' या रकान्याखाली 'अथवा स्वतः केलेल्या कामाचा नमुना' एवढे शब्द घालावेत, असा प्रस्ताव होता. चार महिन्यांनी ती परत आली. समासात पृच्छा होती: नमुना कोण तपासणार, आणि कोणत्या निकषावर? पृच्छा रास्त होती. आम्ही उत्तरात अहमदाबाद आणि पस्तापूर येथील हकिगत सविस्तर लिहून, तेथे शिकून शिकविणाऱ्या झालेल्या बायांपैकी एकीस निवड समितीवर बोलवावे असे सुचविले. मानधन व प्रवासखर्च कोणत्या सदराखाली टाकावा तेही लिहिले. नस्ती पुन्हा वर गेली, आणि त्यानंतर आमची बदली झाली.