फुफ्फुस, क्षय, क्ष-किरण : एका शोधपद्धतीची कुळकथा

एल,४५;४२१:६;२५३:एफ.४४'एन५. ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या अनेकांनी ही ओळ कधी ना कधी फोडून पाहिली असेल. रंगनाथनांच्या द्विबिंदू वर्गीकरणाचे हे गाजलेले उदाहरण. एल म्हणजे वैद्यक, ४५ फुफ्फुस, ४२१ क्षय, ६ उपचार, २५३ क्ष-किरण, एफ संशोधन, ४४ भारत आणि एन५ म्हणजे १९५०चे दशक. फुफ्फुसाच्या क्षयावर क्ष-किरणांनी करायच्या उपचाराचे भारतातले संशोधन एवढ्या चिन्हांत मावते.

ही ओळ मला नव्याने दिसली ती फवारणीच्या विषबाधेवरचे वैद्यकीय आढावे वाचताना. मुकुटबन, झरी जामणी, वणी हा आमचा कपाशीचा पट्टा. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडोंना दवाखान्यात भरती करावे लागले. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातल्या विषावर ॲट्रोपिनच्या जोडीला प्रॅलिडॉक्सिम देतात. आपल्याकडचे डॉक्टर त्याला ‘पॅम’ म्हणतात. त्याने जीव खरेच वाचतो का? वैद्यकीय चाचण्यांचे आढावे काढणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०११च्या आढाव्याला या औषधाच्या सात चाचण्या सापडल्या. त्यांत २०० रुग्णांची एक चाचणी आपल्या बारामतीची, २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेली. उपलब्ध पुराव्यावरून औषध तारक की मारक हे सांगता येत नाही, असा त्या आढाव्याचा निष्कर्ष.

असा आढावा लिहिणारे आधी प्रश्नाचे तुकडे करतात. एका पेटीत विषाची सगळी नावे, दुसरीत औषधाची सगळी नावे, तिसरीत चाचणीचा प्रकार. पेटीच्या आत ‘किंवा’, दोन पेट्यांच्या मध्ये ‘आणि’. आता वरची ओळ पुन्हा वाचा. रोग, उपचार, साधन, संशोधन : त्याच पेट्या, त्याच क्रमाने. या पद्धतीचे मूळ रंगनाथन जिथे ग्रंथपाल होते त्या मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, असे माझे ठाम मत आहे.

वैद्यकीय लेखांच्या सूचीचे सर्वांना ठाऊक असलेले टप्पे एका दमात सांगतो. १८७९ साली बिलिंग्जचा ‘इंडेक्स मेडिकस’, १९६०मध्ये ‘मेश’ ही विषयशब्दांची यादी, १९६४मध्ये संगणकावरचे मेडलार्स, १९७१मध्ये मेडलाइन, १९९७पासून सर्वांना फुकट पबमेड. हा सगळा इतिहास साठ्याचा आहे. साठ्याला प्रश्न कसा विचारायचा, ही विद्या वेगळ्या घराण्यातली.

त्या घराण्यावर पहिला दावा जॉर्ज बूलचा. त्याचे १८५४चे तर्कगणित नसते तर ‘आणि’, ‘किंवा’ची ही भाषाच नसती. मॉर्टिमर टॉबने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘युनिटर्म’ पद्धत आणली. लेखातले सुटे शब्द वेगवेगळ्या कार्डांवर नोंदवायचे आणि कार्डे ताडून दोन्हींवर असलेले लेख काढायचे. दावा वजनदार आहे, पण अपुरा. बूल जोडायला शिकवतो. काय जोडायचे आणि विषय कुठे चिरायचा, यावर तो गप्प आहे. टॉबकडे शब्द सुटे आहेत, त्यांना घर नाही. हा शब्द रोगाचा, हा उपचाराचा, हा स्थळाचा, असे प्रत्येकाला घर दिले ते रंगनाथनांनी. मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ग्रंथपालनाच्या शिक्षणासाठी लंडनला गेले असता सेल्फ्रिजच्या दुकानात त्यांना मेकॅनोचा खेळ दिसला आणि सुटे भाग जोडून विषय बांधायची कल्पना सुचली. १९३३ साली ‘कोलन क्लासिफिकेशन’ छापून आले.

दुसरा दावा डॉक्टरांचा. रुग्ण, उपाय, तुलना, परिणाम ही आज जगभर शिकवली जाणारी ‘पिको’ची चौकट १९९५ साली रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी मांडली. ती रुग्णाच्या खाटेशेजारी घडली, हे मी आनंदाने मान्य करतो. पण पेट्या भरून त्या ‘आणि’ने जोडण्याची रीत पिकोच्या आधीची आहे. १९७८ साली सिराक्यूज विद्यापीठाच्या कॅरन मार्की आणि पॉलिन ॲथर्टन यांनी संगणकावर शोध घेणाऱ्यांसाठी ‘ऑनटॅप’ ही पुस्तिका काढली. ही ठोकळे रचण्याची पद्धत तीत आहे. तिचे श्रेय माहितीतज्ज्ञ चार्ल्स बॉर्नकडे जाते. पण त्याच पुस्तिकेत आणखी दोन डावपेच आहेत : सर्वांत नेमका पैलू आधी शोधा, ज्या पैलूच्या नोंदी सर्वांत कमी तो आधी शोधा. आणि ‘पैलू’साठी तिथे वापरलेली संज्ञा आहे ‘फॅसेट’.

ही संज्ञा रंगनाथनांच्या शाळेची. लंडनच्या क्लासिफिकेशन रिसर्च ग्रुपने १९५५मध्ये जाहीरच केले होते की माहितीशोधाच्या सर्व पद्धतींचा पाया पैलूंचे वर्गीकरण हाच हवा. आणि ॲथर्टनबाई? १९७०ची शारदा रंगनाथन व्याख्यानमाला त्यांनीच गुंफली. त्या व्याख्यानांचे पुस्तक १९७३ साली दिल्लीत निघाले, विषय रंगनाथनांची ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री. रंगनाथनांवर पुस्तक लिहिणारी बाई पाचच वर्षांत शोधाची पुस्तिका लिहिते आणि तिच्यात पैलू येतात, याला मी योगायोग म्हणणार नाही. (पुढे त्या पॉलिन कॉक्रेन झाल्या. आढाव्यांच्या संस्थेला नाव देणारे आर्ची कॉक्रेन मात्र वेगळे.) ऑनटॅप शिक्षणशास्त्राच्या साठ्यासाठी होती, वैद्यकाच्या नव्हे, हा आक्षेप कुणी घेईल. माझे उत्तर असे की साठे वेगळे असले तरी ते चालवायला बसणारे ग्रंथपाल एकाच पिढीचे आणि एकाच तालमीतले होते.

पिकोने मात्र रंगनाथनांचे दोन पैलू गाळले : स्थळ आणि काळ. शोधाच्या वेळी ते गाळणेच शहाणपणाचे, कारण प्रत्येक वाढीव ‘आणि’ कामाचे लेख बाहेर टाकतो. १९९४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवून दिले होते की मेडलाइनवरच्या शोधाला माहीत असलेल्या चाचण्यांपैकी सरासरी निम्म्याच सापडतात. म्हणून विष आणि औषध यांच्या पेट्या ऐसपैस ठेवाव्यात, आणि स्थळ-काळ हाती आलेले लेख चाळताना बघावा.

चाळताना आमच्या भागासाठी आणखी एक पैलू लागतो : विष शरीरात शिरले कसे. प्रॅलिडॉक्सिमच्या चाचण्यांतले बहुतेक रुग्ण विष प्यालेले आहेत. २०१७ साली कपाशी डोक्याच्या वर गेली होती. वर धरलेल्या नळीतला फवारा तोंडावर येत होता, पाठीवरच्या पंपात दोन-तीन कीटकनाशके एकत्र कालवलेली होती. म्हणजे विषाच्या पेटीतही एकच गट भरून भागत नाही. श्वासावाटे, कातडीवाटे, कामावर असताना झालेली बाधा, मिश्र कीटकनाशके, हे शब्द लेखांतून वेगळे टिपून घ्यावे लागतात, आणि ती यादी करायला ग्रंथपालाशेजारी फवारणी केलेला माणूस बसवायला हवा.