रातकिड्याची ओळख : टाचणीपासून आवाजापर्यंत

हिंगोली जिल्ह्यातील साखरा परिसर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होता, आणि पावसाळा सरताना अशा कोरड्या, झुडपी मुलखात रात्रभर किर्र करणारा रातकिडा गावकऱ्यांना कानाने पुरता ओळखीचा असला, तरी त्याच्या जाती शास्त्रात नोंदल्या गेल्या त्या युरोपातील संग्रहालयांत, टाचणीला टोचलेल्या नमुन्यांवरून. झाडाझुडपांवर राहणाऱ्या ‘ईकॅन्थस इंडिकस’ या नाजूक रातकिड्याचे वर्णन आंरी द सोस्यूर या स्विस अभ्यासकाने १८७८ मध्ये केले. ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत टोळांचा खंड १९१४ मध्ये निघाला. रातकिड्यांचा, लुसियें शोपार यांनी लिहिलेला खंड मात्र १९६९ मध्ये आला, तोवर ब्रिटिशही गेले होते आणि निजामशाहीही. टोळ पीक फस्त करतो, रातकिडा फार तर झोपमोड करतो, हे या दिरंगाईमागचे एक कारण असावे.

नमुन्यावरून ओळख पटवणे सोपे नव्हते, कारण वाळताना फिकट हिरवा रंग पिवळा पडतो आणि एकसारख्या दिसणाऱ्या जातींना वेगळे करणारा आवाज तर उरतच नाही. हा आवाज फक्त नर काढतो : उजव्या पंखाच्या खालच्या बाजूची दातेरी शीर डाव्या पंखाच्या कडेवर घासली जाते, आणि मादी तो आपल्या पुढच्या पायांवरील कानांनी ऐकते. आवाजाची गती हवेच्या उष्णतेप्रमाणे बदलते, हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ डॉल्बेअर याने १८९७ मध्ये सूत्रात मांडले. त्यामुळे तापमान न टिपता केलेले ध्वनिमुद्रण ओळखीसाठी निम्मेच उपयोगी ठरते.

रात्री झुडपाजवळ बसून पाहण्याचे खरे फळ ‘ईकॅन्थस’ या झाडाझुडपांवरील रातकिड्यांच्या गटात मिळाले. काही नर पानाला कुरतडून भोक पाडतात, त्यातून डोके व पुढचे पाय बाहेर काढतात आणि पंख पानाच्या पृष्ठभागाला भिडवून गातात, त्यामुळे पान ध्वनिफळीचे काम करते व आवाज लांबवर पोचतो. दक्षिण आफ्रिकेतील जातीत ही युक्ती १९७५ मध्ये नोंदली गेली. ‘ईकॅन्थस हेन्रायी’ या भारतीय जातीवर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रोहिणी बालकृष्णन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, ही युक्ती लहान चणीचे आणि क्षीण आवाजाचे नर अधिक वापरतात, आणि माद्या त्यांच्याकडे येतातही. या जातीचा दक्षिणेतील नेहमीचा मुक्काम रानतुळशीवर असतो; ही वनस्पती मूळची अमेरिकेतील असल्याने पान कुरतडण्याची सवय तिच्या आगमनापूर्वीची असणेच अधिक संभवते.